खंडेनवमीची तलवार आणि आपल्या लेकी



खंडेनवमी आली की आपल्यापैकी बहुतेक जुन्या घरांत एक ठरलेला कार्यक्रम होतो. माळ्यावरची तलवार खाली उतरते. रावपुऱ्यात, दांडिया बाजारात आपले वाडे होते तेव्हा ती दिवाणखान्याच्या भिंतीवर असे. वाडे गेले, आपण वासणा रस्त्यावरच्या सोसायट्यांत आलो, फ्लॅटमध्ये तलवारीला भिंत उरली नाही, म्हणून ती जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर गेली. तर ती तलवार खाली उतरते. घरातली सून ती राखेने घासते, तेलाचे बोट फिरवते, पाट मांडते, झेंडूची फुले परडीत काढून ठेवते, नैवेद्याचे बघते. सगळी तयारी झाली की घरातला पुरुष येतो, गंधफूल वाहतो आणि मुलाला जवळ बोलावून सांगतो, "ही आपल्या खापरपणजोबांची. गायकवाडी फौजेत होते ते." मुलगा तलवार हातात घेऊन बघतो. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघते. तिला कोणी "तू नको" असे म्हटलेले नसते. पण "तूही ये" असेही कोणी म्हटलेले नसते.

यंदा या प्रसंगाबद्दल लिहावेसे वाटले, त्याला कारण आमच्याच हातून झालेली एक चूक आहे. ती आधी कबूल करतो.

गेल्या वर्षी आपल्या मंडळाने बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी एनडीएच्या प्रवेशपरीक्षेचा मार्गदर्शन वर्ग काढायचे ठरवले. वर्गाचा फॉर्म आम्ही तयार केला आणि त्यावर 'फक्त मुलांसाठी' हे दोन शब्दही आम्हीच लिहिले. फार विचार करून लिहिले असे नाही. हात आपोआप चालला. रविवारी फॉर्म वाटायला बसलो असता अकरावीतली एक मुलगी आईला घेऊन आली. तिने फॉर्म वाचला आणि विचारले, "काका, आता मुलींनाही घेतात ना?" आम्ही म्हणालो, "घेतात गं बाळ. पण आपला वर्ग मुलांचा आहे." तिने वाद घातला नाही. फॉर्मची चार पदरी घडी केली, टेबलावर ठेवली आणि आईबरोबर निघून गेली.

ती घडी त्या दिवसापासून आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. एनडीएला वयाची अट असते, साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे. परीक्षा वर्षातून दोनदा होते. म्हणजे एका मुलीच्या वाट्याला मोजून पाच-सहा संधी येतात. त्यांतल्या दोन आम्ही दोन शब्दांनी खाल्ल्या. असे का झाले असावे, याचा शोध घेतला तेव्हा तो आम्हाला फार मागे घेऊन गेला.

आपण ज्या फौजेबरोबर आलो

गुजरातेत आपण मराठी माणसे कशी आलो, हे मुलांना सांगताना आपण पिलाजीराव आणि दमाजीराव गायकवाड यांच्यापासून सुरुवात करतो. ते योग्यच आहे. पण गायकवाड हे मुळात सेनापती दाभाडे यांचे सरदार होते. १ एप्रिल १७३१ रोजी आपल्या डभोईजवळ बाजीराव पेशव्यांशी झालेल्या लढाईत सेनापती त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले. सेनापतिपदाची वस्त्रे धाकट्या यशवंतरावांना मिळाली, पण ते लहान होते. कारभार हाती घेतला त्र्यंबकरावांच्या आईने, उमाबाई दाभाडे यांनी. पुढच्याच वर्षी पिलाजीरावांचा डाकोरला दगा देऊन खून झाला. तेव्हा मुलाचे दुःख ताजे असलेली ही विधवा बाई फौज घेऊन थेट अहमदाबादेवर चालून गेली आणि जोधपूरचे अभयसिंग, जे त्या वेळी गुजरातचे सुभेदार होते, त्यांना तिच्याशी तह करावा लागला. १७३४ साली दमाजीरावांनी बडोदे घेतले, तेव्हाही दाभाड्यांच्या दौलतीची सूत्रे उमाबाईंच्याच हाती होती.

म्हणजे ज्या फौजेच्या जोरावर आपण आज 'जुने बडोदेकर' म्हणवून घेतो, त्या फौजेला हुकूम देणारी एक बाई होती. आपल्या किती घरांत हे नाव मुलांना माहीत आहे? आम्ही आपल्याच ओळखीच्या दहा-बारा मुलांना विचारून पाहिले. एकालाही सांगता आले नाही. झाशीच्या राणीचे नाव सर्वांना येते, पण तिची स्तुती करतानाही आपण तिला 'मर्दानी' म्हणतो. जणू लढणारी बाई ही थोडा वेळ पुरुष झालेली बाई असते! कोणी पुरुष धीराने वागला तर तो धीराचा माणूस ठरतो. बाई धीराने वागली तर मात्र तिला आपल्या जातीतून उचलून पुरुषांत नेऊन बसवायचे, हा कोणता गौरव?

आणि शिलेदाराच्या घराचाही विचार करा. शिलेदार म्हणजे स्वतःचे घोडे घेऊन चाकरीला येणारा. घोडा स्वतःचा, म्हणजे त्याचा दाणावैरणीचा खर्च घरचा. मोहिमेवर गेलेला माणूस आठ आठ महिने परत येत नसे. मागे शेत, देणेकरी, गोठा, म्हातारी माणसे यांचे कोण बघत होते? साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द लागतो. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्या ४६ घरांत नंतर नांगर कोणी धरला, पोरे कोणी वाढवली, याचा स्तंभ कुठे उभारलेला नाही.

मर्दपणाचे सरकारी दाखले

मग 'सैनिक म्हणजे मर्द आणि मर्द म्हणजे सैनिक' हे समीकरण इतके पक्के कसे झाले? जुन्या काळी ते नव्हते असे आमचे म्हणणे नाही. पण त्याला कायद्याचा आणि कागदाचा शिक्का बसला तो इंग्रजांच्या काळात. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदुस्थानातील लोकांची वाटणी केली. हे 'लढवय्ये', ते 'बिनलढवय्ये'. कोणाला मर्द म्हणायचे आणि कोणाला बायकी म्हणायचे, हे साहेबाच्या कचेरीत ठरू लागले. शिकलेल्या बंगाल्यांना त्यांनी बायकी ठरवले, पंजाब्यांना आणि गुरख्यांना मर्द ठरवले.

हा दाखला किती पोकळ होता याचे सर्वांत जवळचे उदाहरण महार समाजाचे आहे. पिढ्यान् पिढ्या मुंबई फौजेत लढलेल्या या समाजाची भरती १८९२ साली बंद करण्यात आली. कालपर्यंतचे शूर सुभेदार-जमादार एका हुकमासरशी 'लढवय्ये नसलेले' झाले. पहिल्या महायुद्धात माणसांची टंचाई पडली तेव्हा पुन्हा भरती झाली, युद्ध संपल्यावर पुन्हा दार बंद झाले, आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. माणसे तीच, मनगटे तीच. बदलली ती फक्त सरकारची गरज.

यातली एक गोष्ट तर आपल्या बडोद्याचीच आहे. सुभेदार रामजींचे चिरंजीव भीमराव १९१७ साली परदेशातून शिकून सयाजीराव महाराजांच्या चाकरीत आले. महाराजांचे लष्करी सचिव म्हणून त्यांची नेमणूक झाली, असे चरित्रकार सांगतात. फौजी बापाचा मुलगा, फौजेच्या खात्यातला अधिकार, आणि याच शहरात त्याला राहायला खोली मिळेना. काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना पारशी विश्रामगृहातून बाहेर काढले. पुढे कमाटीबागेत बसून त्यांनी दिवस काढला. बाबासाहेबांनी या प्रसंगाची आठवण पुढे स्वतः लिहून ठेवली आहे आणि तो प्रसंग आठवला की डोळ्यांत पाणी आल्यावाचून राहत नाही, असे त्यात मोकळेपणी सांगितले आहे. 'मर्द रडत नाही' असे आपण मुलांना शिकवतो. ज्या माणसाने देशाची घटना उभी केली त्याला आपले अश्रू लिहून ठेवायला लाज वाटली नाही. लाज आपल्याला वाटायला हवी होती.

सांगायचा मुद्दा असा की, फौजेचे दार कोणासाठी उघडे आणि कोणासाठी बंद, हे कधीच फक्त ताकदीवर ठरलेले नाही. पूर्वी जातीचे कारण सांगत, नंतर बाईपणाचे सांगू लागले. दोन्ही वेळा वाक्य एकच होते, "यांचा हुकूम आमचे जवान मानणार नाहीत."

न्यायालयात काय सांगितले गेले

हे वाक्य आम्ही मनचे लिहिलेले नाही. डॉक्टर आणि परिचारिका सोडल्या तर १९९२ पासून आपल्या सैन्यात स्त्रियांना अधिकारी म्हणून घेऊ लागले, पण ठरावीक वर्षांच्या मुदतीवर. कायम नेमणूक आणि तुकडीचे नेतृत्व मिळावे म्हणून त्यांना वर्षानुवर्षे न्यायालयात झगडावे लागले. सर्वोच्च न्यायालयापुढे सरकारच्या वतीने जे मुद्दे मांडले गेले त्यांत एक असा होता की, जवान प्रामुख्याने ग्रामीण भागातून येतात, स्त्री अधिकाऱ्याचा हुकूम मानण्याची त्यांच्या मनाची अजून तयारी नाही. १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांनी हे म्हणणे फेटाळले आणि स्त्री अधिकाऱ्यांना कायम नेमणुकीचा हक्क दिला.

आम्हाला विचाराल तर सरकारच्या त्या मुद्द्यात स्त्रियांइतकाच खेड्यातल्या जवानांचाही अपमान होता. सातारा-सांगलीचा, कोल्हापूरचा, खानदेशचा जो पोरगा भरतीला येतो, तो आईच्या धाकात वाढलेला असतो. त्याच्या शाळेत बाई शिकवतात, त्याच्या गावात सरपंच बाई असते. त्याला बाईचा हुकूम नवा नाही. नवा कोणाला वाटतो, तर वरच्या खुर्च्यांवर बसलेल्यांना.

त्या निकालात न्यायालयाने स्त्री अधिकाऱ्यांच्या कामगिरीची यादीच दिली होती. त्या यादीत आपल्या बडोद्याचे एक नाव होते, सोफिया कुरेशी. महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेली, आजोबा आणि वडील फौजेत असलेली ही मुलगी १९९९ साली सिग्नल्स विभागात अधिकारी झाली, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून काँगोत जाऊन आली, आणि २०१६ साली पुण्यात झालेल्या बहुराष्ट्रीय लष्करी सरावात भारतीय तुकडीचे नेतृत्व तिने केले. तेव्हा आपल्यापैकी कोणाला तिचे नाव माहीत नव्हते. ७ मे २०२५ रोजी ऑपरेशन सिंदूरची माहिती द्यायला कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग देशापुढे आल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळे बडोदे सांगू लागले, "अरे, ही तर आपली!"

अभिमान वाटला, वाटायलाच हवा. पण आठवड्याभरातच मध्य प्रदेशच्या एका मंत्र्याने जाहीर सभेत तिच्या धर्मावरून जे उद्गार काढले, ते आपण सर्वांनी ऐकले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. वर्दीतल्या बाईला मान द्यायचा, पण तिची ओळख मात्र कोणाची तरी मुलगी, कोणाची तरी बहीण म्हणूनच करायची, आणि मनात आले की तेच नाते शिवी म्हणून वापरायचे, ही आपली सवय किती खोल आहे ते त्या आठवड्यात दिसले. तिने पंचवीस वर्षांत काय काम केले, हे कोणी विचारले नाही.

येथे आपल्या जुन्या बडोद्याची एक आठवण द्यावीशी वाटते. राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांचा आखाडा आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिला. आखाड्याला नाव आहे जुम्मादादा व्यायाममंदिर. जुम्मादादा मुसलमान, त्यांचे पट्टशिष्य माणिकराव हिंदू, आणि गुरूचे नाव शिष्याने आयुष्यभर मिरवले. शिवाय माणिकरावांची ख्याती नुसती दांडपट्टा आणि मल्लखांबाची नव्हती. मोडलेली, निखळलेली हाडे बसवून घ्यायला लोक त्यांच्याकडे येत. ज्या हाताला वार करता येतो त्याच हाताला हाड बसवताही यावे, ही आपल्या आखाड्याची शिकवण होती. शौर्याची व्याख्या एवढीच पुरेशी आहे.

मुलांचेही यात नुकसान आहे

काही वाचक म्हणतील, हा सगळा मुलींचा विषय झाला, मुलांचे काय? आमचे उत्तर असे की, यात मुलांचे नुकसान कमी नाही. फक्त ते दिसत नाही.

मुलगा अभ्यासात मागे पडला, उलट बोलला की आपण म्हणतो, "मिलिटरीत टाकतो, म्हणजे माणूस होशील." जणू सैन्य ही सुधारशाळा आहे! मुलगा तबला शिकतो म्हणाला तर चालते, कथक शिकतो म्हणाला की घरात शांतता पसरते. ज्या दरबाराच्या आठवणी आपण सांगतो, त्याच दरबारात पहिलवानही होते आणि उस्ताद फैयाज खाँही होते. कलावंत कारखाना आणि फौज, दोन्ही एकाच खजिन्यातून पोसले जात होते. एकाने दुसऱ्याची मर्दानगी कमी झाली, असे महाराजांना कधी वाटल्याचे ऐकिवात नाही.

आणि खुद्द फौजेत काय चालते, हे निवृत्त होऊन आलेल्या आपल्या ओळखीच्या कोणाही जवानाला विचारा. पहाटे उठून स्वतःची गादी घडी पडणार नाही अशी घालायची. बूट पॉलिश स्वतः करायचे, बटण तुटले तर सुईदोरा घेऊन स्वतः लावायचे, बराक झाडायची, संडास धुवायचे. लंगरमध्ये शेकडो माणसांच्या पोळ्या लाटणारे पुरुषच असतात. जोडीदाराला गोळी लागली तर त्याला पाठीवर घ्यायचे, त्याचे रक्त पुसायचे, रात्रभर त्याच्याजवळ बसायचे. ज्याला आपण 'बायकी कामे' म्हणतो त्यांवरच फौज उभी असते. पण तोच माणूस सुट्टीवर घरी आला की पाण्याचा पेलासुद्धा जागेवर मागतो, आणि आपण त्याला तो नेऊन देतो!

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा लष्कराच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या. अशा वेळी जवान काय करतात? म्हाताऱ्यांना उचलून होडीत बसवतात, तान्ह्या मुलांना सांभाळून पलीकडे देतात. त्या कामाला मिशीचा उपयोग नसतो, धीराचा आणि मायेचा असतो.

याची दुसरी बाजू दुःखाची आहे. सैन्यदलांत दरवर्षी काही जवान स्वतःच्या हाताने जीव देतात. सरकारने संसदेत वेळोवेळी त्याचे आकडे दिलेले आहेत. कारणे अनेक असतील, घरची असतील, नोकरीची असतील. पण लहानपणापासून ज्याला "पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस काय" असे ऐकवले, तो माणूस मन मोकळे करणार कोणाजवळ? त्याला वर्दीत काय शिकवले याचा हिशेब सैन्याने करावा. त्याआधी आपण घरात काय शिकवले याचा हिशेब आपण करू.

बांगड्यांचा आहेर

आता आपल्या स्वतःच्या राजकारणाकडे वळू. पाण्याचा प्रश्न असो, रस्त्याचा असो, मोर्चा निघाला की कोणीतरी बांगड्यांचा डबा बरोबर घेतोच. साहेबांना बांगड्यांचा आहेर करायचा, फोटो काढायचा. आमच्या पाहण्यातल्या अशा एका मोर्चात हा आहेर करायला महिलांना पुढे केले होते. ज्या बांगड्या घालून या बायका पहाटे पाचला उठून टँकरच्या रांगेत उभ्या राहतात, त्याच बांगड्या त्यांच्याच हातांनी नामर्दपणाची खूण म्हणून द्यायच्या! आम्हीही त्या मोर्चात होतो आणि टाळ्या वाजवल्या होत्या, हे कबूल करतो.

शब्द साधे वाटतात, पण तेच घट्ट होत जातात. "बांगड्या भरल्यात का?" म्हणणारी जीभ आणि 'फक्त मुलांसाठी' लिहिणारा हात, एकाच देहाचे आहेत.

काही प्रामाणिक शंका

आमच्याशी बोलताना काही ज्येष्ठांनी शंका काढल्या. त्यांना उत्तर देणे भाग आहे.

पहिली शंका ताकदीची. युद्ध म्हणजे मिरवणूक नव्हे, तिथे सवलत देऊन चालेल का? अजिबात चालू नये. ज्या कामाला जे वजन उचलावे लागते, जेवढे अंतर धावावे लागते, ते ठरवा आणि जो उतरेल त्याला घ्या. माप कामाचे असावे, मापणाऱ्याच्या कल्पनेचे नसावे. पायदळ आणि रणगाडा दलाची दारे स्त्री अधिकाऱ्यांना अजून उघडलेली नाहीत. तोफखान्याचे दार २०२३ साली उघडले. लष्कराच्या कायदे विभागात पुरुषांना जास्त आणि स्त्रियांना कमी जागा राखण्याची पद्धत होती. ती सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द ठरवली. कायद्याची पुस्तके वाचायला कोणती छाती मोजावी लागते?

दुसरी शंका आयांची, आणि ती खरी आहे. "मुलगी फौजेत गेली तर तिचे स्थळ कसे जमायचे?" पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून निघालेल्या डॉ. माधुरी कानिटकर लेफ्टनंट जनरल झाल्या. त्यांचे पती राजीव कानिटकर हेही लेफ्टनंट जनरल. संसार झाला, मुले झाली, आणि निवृत्तीनंतर त्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. सर्वांचेच असे होईल असे नाही. पण घरी बसलेल्या मुलींची तरी सगळी स्थळे कुठे चांगली निघतात?

तिसरी शंका अशी की, बाईने एवढे धाडस का करावे, तिचा मान घरात आहेच. याला उत्तर साताऱ्याच्या स्वाती महाडिक यांनी दिले आहे. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरमध्ये कुपवाड्याला हुतात्मा झाले. अशा वेळी आपण काय करतो? 'वीरपत्नी' म्हणून मंचावर खुर्ची देतो, शाल-नारळ देतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच खुर्चीवर बोलावतो. दोन लहान मुलांची ही आई त्या खुर्चीवर बसून राहिली नाही. परीक्षा दिली, चेन्नईच्या अकादमीत निम्म्या वयाच्या मुलींबरोबर धावली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये लष्करात अधिकारी झाली. मान घरात मिळतो हे खरे. पण काम करून मिळवलेला मान वेगळा असतो.

चौथी शंका आमच्याच एका मित्राची. ते म्हणतात, युद्धच वाईट, मग मुलींना त्यात कशाला ढकलता? आम्हालाही युद्धाची हौस नाही. उलट आमचा अनुभव असा की, नाक्यावर चहा पिता पिता "एकदा करून टाका" म्हणणाऱ्यांना युद्ध हा मर्दपणाचा खेळ वाटतो. सैन्याला मर्दपणाची झूल घालणे आपण थांबवले तर युद्धाबद्दल जरा शुद्धीवर येऊन बोलू लागू, असे आम्हाला वाटते. मराठा लाइट इन्फंट्रीचे ब्रीद तीन शब्दांचे आहे, कर्तव्य, मान, साहस. त्यांतला एकही शब्द कोणा एकाच्या मालकीचा नाही.

आता काय करायचे

३० मे २०२५ रोजी खडकवासल्याहून एनडीएच्या १७ मुली आपले शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. २०२१ साली न्यायालयाने परीक्षेचे दार उघडले नसते, तर त्या आज कुठे असत्या कोण जाणे. सैनिकी शाळांतही आता सहावीपासून मुलींना प्रवेश आहे. आपल्या गुजरातेत बालाचडीला अशी शाळा आहे. ज्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले आणि त्यातून मुलींना वगळले नाही, त्यांच्या शहरात राहून आपण १०० वर्षांनंतर मुलींच्या फॉर्मवर काट मारत बसलो, हे आपल्याला शोभत नाही.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही तीन गोष्टींचा ठराव मांडणार आहोत. पहिली, मार्गदर्शन वर्गाच्या फॉर्मवरचे 'फक्त मुलांसाठी' हे शब्द काढावेत. दुसरी, मंडळाच्या खंडेनवमीच्या शस्त्रपूजनाला यंदा मुली आणि मुले दोघांनी बसावे, आणि पूजेची तयारीही दोघांनीच करावी. राख, तेल, झेंडूची फुले, सगळे. तिसरी, मंडळाच्या नावाने निघणाऱ्या कोणत्याही मोर्चात बांगड्यांचा आहेर होऊ नये. कार्यकारिणीतील काही ज्येष्ठांचा दुसऱ्या ठरावाला विरोध आहे. त्यांचा आम्ही आदर करतो. परंपरा मोडते असे त्यांना वाटते. आमची त्यांना एवढीच विनंती आहे की, परंपरा मोजायचीच तर ती उमाबाईंपासून मोजावी.

गेल्या आठवड्यात आम्ही त्या मुलीच्या घरी जाऊन आलो. नवा फॉर्म नेला होता. तिच्या आईने चहा केला, आणि चहा होईपर्यंत कोणी काही बोलले नाही. मग आम्ही झाल्या गोष्टीची माफी मागितली. मुलीने फॉर्म घेतला, पूर्ण वाचला आणि विचारले, "गणित कोण शिकवणार आहे?" ते आम्ही ठरवलेलेच नव्हते.

ते आता ठरवायचे आहे. आपल्या वासण्यात निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत. ज्यांना रविवारी सकाळचे दोन तास देता येतील त्यांनी सभेच्या आधी मंडळाच्या कार्यालयात आपले नाव द्यावे. तिच्या हाती आता थोड्याच परीक्षा उरल्या आहेत.